दुपारी दोनपर्यंत

यादी एकाच पानाची.
डिस्चार्जचं बघणारी ग्रेचेन ते पान पालथं घालून
माझ्याकडे सरकवते, हॉटेलात बिल सरकवतात तसं.
‘उद्या दुपारी दोनपर्यंत कळवा.’
नऊ नावं. पाच ठिकाणी खाट नाही,
दोन ठिकाणी आमचा विमा चालत नाही.
उरलं त्याला निवड म्हणायचं.

आई गुरुवारच्या सूपसाठी वाळके वाटाणे निवडायची,
खिडकीशी बसून, चष्मा न लावता.
खडा डोळ्यांना नाही, बोटांना दिसतो म्हणायची.
मी यादीवरून बोट फिरवून बघते.
कागद गुळगुळीत आहे.

पहिलं ठिकाण पाच ताऱ्यांचं, डुलुथच्या बाहेर, टेकडीवर.
दारातच शेकोटी, तिच्यात विजेचा जाळ,
आणि टेलर नावाचा तरुण,
ज्याला वडिलांचं आडनाव माझ्याआधी पाठ.
त्याने व्यायामाची खोली दाखवली. चार लाकडी पायऱ्या,
दोन्ही बाजूंना कठडा,
कुठेच न जाणाऱ्या.
येताना एका दारावरचा दिवा लागलेला होता,
जातानाही तोच.
मी घड्याळ बघितलं. सव्वीस मिनिटं.
टेलर सांगत होता माशाचा वार कोणता, केकचा कोणता.

फिनिक्सहून कार्लचा फोन.
वाळवंटात बसून उंटावरून शेळ्या:
‘तारे बघ, आयली. आकडे खोटं बोलत नाहीत.’
तक्ताही पाठवलाय त्याने, रंगीत.
तीन ख्रिसमस तो आला नाही,
त्याचा रकाना नाही त्यात.

दुसरं, रेल्वे-यार्डाच्या मागे. दोन तारे.
छतावर ओलीचा डाग, साधारण विस्कॉन्सिनएवढा.
उकडलेला कोबी, फिनेल, आणि त्यांच्या खाली
ज्याचं नाव कुणी घेत नाही तो वास.
मी परत फिरणार होते. खरं सांगते, फिरलेच होते.
वाटेत हिजाब घातलेली एक मुलगी
फरशीवर मांडी घालून
एका म्हातारीच्या बुटाची नाडी बांधत होती.
‘थांबा जरा,’ मान वर न करता मला म्हणाली.
म्हातारीला दुहेरी गाठ हवी होती.
मग सैल हवी होती. मग परत दुहेरी.
दुसरा बूट होईपर्यंत मी थांबले.
तिचं नाव फर्दौसा. मी विचारलं, रात्री किती जणी असता?
‘असायला हव्यात चार. असतो तिघी.’
लागला. खडा लागला बोटाला.
पण सांगितला तिनेच.

संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं, ओरडून.
चाळीस वर्षं टगबोटीच्या इंजिनापाशी काढलेला माणूस.
कान तिथेच गेले, पण पंप कुरकुरला
की त्यांच्या तळपायाला आधी कळायचं.
तो पाय सहा आठवडे टेकवायचा नाही.
तारे, मिनिटं, कोबी, चार नि तीन,
ऐकून घेतलं.
‘वीस दिवस पूर्ण देतात ना?’
देतात.
‘आणि एकविसाव्या दिवशी?’
मी उशी नीट केली. ती नीटच होती.
‘तुला गाडीने किती लागतं?’
टेकडीवर चाळीस मिनिटं. यार्डामागे सात.
ते भिंतीकडे बघत राहिले.
मग म्हणाले, ‘रात्री मालगाड्यांचा आवाज येत असेल.’

ही तक्रार होती की पसंती,
एवढं तरी विचारायला हवं होतं.
तेवढ्यात जेवणाचा ट्रे आला.

आता एक पन्नास.
ग्रेचेनला फोन लावलाय. रिंग वाजते आहे.
मी मोजते आहे, सवयच लागली:
सहा, सात.